थैली उलटी करून दाखवा

"आजी, थैली उलटी करून दाखवा बरं."

घरमालकीण फाटकात उभी राहून माझ्या आईला म्हणाली. भर सकाळी. समोरच्या घरातल्या दोन बायका दूध घ्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. मी वरच्या खोलीतून खाली येत होते. जिन्यातच थबकले.

तुळशीजवळचा तांब्याचा गडू सापडत नव्हता. आई त्या सकाळी अंगणात उन्हाला बसली होती. एवढाच पुरावा.

याडी, आम्ही आईला याडी म्हणतो, खाली वाकली. थैली फरशीवर ओतली. सुपारी, अडकित्ता, डोळ्यांत टाकायचं औषध, सुईदोरा. मग कोणी न सांगता तिनं ओढणीचं टोकही झटकून दाखवलं.

ते मला जास्त लागलं. तिला ते येत होतं.

आम्ही फुलसावंगीकडच्या तांड्यातले. बंजारा. आजोबांच्या काळी गावात काही चोरीला गेलं की माणसं आधी तांड्यावर यायची, मग चोर शोधायची. लहानपणी मी हे गोष्टीसारखं ऐकलं. पुढं शिकले, पुण्यात नोकरीला लागले. तिथं भाडंच पगार खाऊन टाकायचं. घरून काम करायची मुभा मिळाली, तशी यवतमाळला आले. दोन खोल्या, मोठी गच्ची, याडीच्या डोळ्यांचा दवाखाना जवळ.

सुरुवातीला छान चाललं. "पुण्याहून आली आमची भाडेकरू," असं घरमालकीण काकू साऱ्या गल्लीला सांगायच्या. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मग तांड्यावरून याडी आली. आरशांचा घागरा, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्या. काकू हसल्या, पण उशिरा हसल्या.

त्यानंतर अंगणातल्या बादल्या आत गेल्या. जिन्यातला कॅमेरा आमच्या दाराकडे वळला. "तुमच्या आई कधी जातात मंग?" असं त्या येताजाता विचारू लागल्या. मीही बदलले. कोणी गोड बोललं की त्यातला खडा शोधायची. घरात याडीशी आमची गोरबोली बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.

थैलीतून काही निघालं नाही. काकू म्हणाल्या, "आता वर खोलीत एक नजर टाकतो, मंग विषय संपला."

"या ना बाई," याडी म्हणाली. "पाहून घ्या."

मी जिन्यात आडवी उभी राहिले. "कोणी वर येणार नाही."

"काहून? लपवायले काही आहे का?"

"माझं घर आहे म्हणून. संशय असन तर पोलिसात लेखी द्या. कोणावर आहे ते लिहा. काहून आहे, तेही लिहा."

"एवढं काय मनाले लावून घेऊन राह्यली? आम्ही चोर म्हटलं का?"

"म्हटलं. साऱ्या गल्लीसमोर म्हटलं."

मी पायरीवरून हलले नाही. समोरच्या बायका दूध घेऊन निघून गेल्या. संध्याकाळी काकूंच्या नवऱ्याचा निरोप आला, दुसरं घर पाहा.

याडी माझ्यावरच चिडली. "दाखवलं की सुटतो आपण."

"कधी सुटलो, याडी?"

ती बांगड्या फिरवत बसली. मग म्हणाली, "ओढणी झटकायचं मला माझ्या आईनं शिकवलं. तुला मी नाही शिकवलं."

गडू सापडला की नाही, मी विचारलं नाही. तो सापडल्यावरच आम्ही चांगल्या ठरणार असू, तर तसलं चांगलेपण मला नको.

सध्या घरं पाहतेय. याडीला सोबत नेते, घागऱ्यातच. मालकानं काही विचारायच्या आत सांगते: आम्ही बंजारा, ही माझी आई, ही माझ्याकडेच राहणार. काल एका ठिकाणी जागा अचानक कोणा नातेवाइकाला देऊन झाली होती. परवाही तसंच. आता मी कोणाच्याच हसण्यावर विश्वास ठेवत नाही. पण हे शहर सोडणार नाही. घरं पाहत राहीन. आणि याडीला तांड्यावर जायचं असेल, तर ती स्वतःच्या मनानं जाईल. कोणी हाकललं म्हणून नाही.