जनानखान्यातली पियानोवाली

आमच्या दगडाआत्याला कुणी विचारलं, "तुमी काय काम करत व्हतात?" की ती सुपारी कातरता कातरता सांगायची, "पियानो वाजवायचे." विचारणारा लिंबागणेशचा असला तर गप्प बसायचा आणि बाहेरगावचा असला तर हसायचा. हसणाऱ्याला आमच्या घरी चहा मिळत नसे. कौतुक केलं नाही तरी आत्याला चालायचं, पण आपल्या कामाबद्दल शंका तिला खपत नव्हती, आणि मी तिचीच भाची असल्यानं मलाही खपत नाही.

तिच्या आधीची तीन भावंडं गेली म्हणून तिचं नाव दगडा. दगड म्हटलं की यम उचलत नाही, अशी घरच्यांची समजूत. ती खरी ठरली. आम्ही गुरव. गणपतीची पूजा आमच्याकडं आणि देवळातल्या कीर्तनाला पेटीची साथ आजोबांकडं, म्हणजे पंडितबुवांकडं. आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि त्याच साली आजोबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. माघी चतुर्थीला कीर्तनकारबुवा उभे राहिले तर पेटीवर कुणी नाही. आत्यानं पेटी खांबाआड ओढून घेतली आणि कीर्तन पार पाडलं. निम्म्या लोकांना काही कळलंच नाही. उरलेल्या निम्म्यांना महिनाभर तोंडाला काम मिळालं.

ही बातमी बीडला पोचली ती छबुबाईमुळं. छबुबाई आमच्याच गावची, बीडच्या एका जागीरदारांच्या हवेलीत दळणकांडणाला होती. तिथल्या धाकट्या बेगमसाहेबा हैदराबादच्या. लग्नात त्यांनी पियानो आणला होता. जालन्यापर्यंत तो रेल्वेनं आला आणि पुढं बैलगाडीनं. शहागडला गोदावरी ओलांडताना त्याला नावेत चढवायला बारा माणसं लागली, आणि त्या बाराही जणांना ती शवपेटी वाटली होती म्हणे. बेगमसाहेबांना माहेरी एक नाद लागला होता, व्हायोला, चेलो आणि पियानो या तीन वाद्यांचं घरगुती वादन ऐकण्याचा. तेच वादन त्यांना बीडला हवं होतं. पण जनानखान्यात पुरुष कसा येणार? तेव्हा वाजवणाऱ्या तिघीही बायकाच हव्यात.

दोघी मिळाल्या होत्या. चेलोला सिकंदराबादेची मिसबाई. वाद्य तिच्याएवढंच उंच, ते गुडघ्यांत धरून ती कुणाला तरी दटावून बसवल्यासारखी बसायची. व्हायोलाला, म्हणजे त्या थोराड व्हायोलिनला, नन्हीबी. या म्हातारीचा जन्म सारंगीवर गेला होता, नातेवाईक कुणी नव्हते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हवेलीच्या देवडीवरची एक खोली तिला राहायला दिली होती. व्हायोला होता म्हणून खोली होती. पियानोला मात्र कुणी मिळत नव्हतं. "आमच्या गावात एक हाय," छबुबाई म्हणाली.

माझे वडील धर्मराज, आत्याचे थोरले भाऊ, दारात आडवे उभे राहिले. "कावून जातीस? लोक काय म्हणतील?"

"लोक आधीच म्हणायलेत, दादा. आता निदान म्हणण्याजोगं कायतरी करते."

आपली चूल आणि आपली घागर वेगळी ठेवायची, एवढी अट घालून ती फसली सन १३२२ला, म्हणजे १९१२च्या पावसाळ्यानंतर, बीडला गेली.

पहिल्या दिवशी तिनं पियानोपुढं बसून डावा हात मागच्या बाजूला घातला आणि ती भाता चाचपू लागली. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर, बोटं चालतात ती उजव्याची. मिसबाईला हसून हसून उचकी लागली.

"हसू नका," आत्या म्हणाली. "वारा कुठून येतो तेवढं सांगा."

वारा येतच नाही हे कळल्यावर तिला डाव्या हाताचीच कीव आली. बिचाऱ्याला तोवर काही शिकवलंच नव्हतं. दुपारच्या तालमीनंतर ती नुसत्या डाव्या हातानं वाजवत बसायची आणि नन्हीबी त्या मनगटाला तीळतेल चोळून द्यायची. दोघींनाही कागदावरचे सूर वाचता येत नव्हते. मिसबाई प्रत्येकीचं वाजवून दाखवी आणि या दोघी कानानं उचलत. आत्यानं तर तिघींचंही पाठ केलं. साथीला बसणाऱ्यानं गाणाऱ्याचं सगळं जाणलंच पाहिजे, असं तिला आजोबांनी शिकवलं होतं.

त्याच शिकवणुकीनं घोटाळा झाला. कीर्तनकारबुवा श्वास घ्यायला थांबले, खोकले, शब्द विसरले, तरी पेटीनं थांबायचं नाही. मधली पोकळी भरून काढायची. बुवा गप्प आणि पेटीही गप्प म्हणजे पेटीवाल्याची बेअब्रू. आणि मिसबाईच्या विलायती चिजांत तर मुद्दाम लिहिलेल्या शांत जागा! चेलो थांबला की आत्या चेलोचा सूर वाजवून मोकळी, व्हायोला थांबला की व्हायोलाचा. मिसबाई चेलोचा गज आपटायची.

"ही जागा रिकामी आहे!"

"रिकामी दिसली म्हनून तर भरली."

सहा महिने हेच चाललं. सगळ्या हवेलीला हा वाद पाठ झाला. शेवटी आत्या शिकली, पण शांत जागा आली की तिची बोटं शिवशिवायची, हे तिनं मला म्हातारपणीही कबूल केलं.

मग बेगमसाहेबांच्या अम्माजान हैदराबादेहून येणार असं ठरलं. मोठ्या दर्दी बाई. बेगमसाहेबांनी तिघींना बोलावून स्पष्ट सांगितलं की अम्माजानला पसंत पडलं तर ही बैठक कायमची, नाही तर पियानो आल्या वाटेनं परत आणि तुम्ही आपापल्या घरी. आत्याला घर होतं, भावाच्या चुलीपुढचं. मिसबाईला सिकंदराबादेत शिकवायची शाळा होती. नन्हीबीला काय होतं? त्या दिवशी तिनं त्याच मनगटाला दोनदा तेल चोळलं, आणि आत्याला तिची भारी काळजी वाटली.

दालनात पंधरा-वीस बायका, मधोमध अम्माजान. वादन सुरू झालं. पहिला भाग झकास गेला. दुसऱ्या संथ भागात चेलो आणि पियानो थोडा वेळ बोलतात, मग दोघं थांबतात आणि व्हायोला एकटा उठतो. दोघी थांबल्या. नन्हीबीचा व्हायोला उठलाच नाही. गज तारेवर टेकलेला, पण एवढ्या अनोळखी माणसांपुढं म्हातारीची मोजणी हरवली होती. आत्याच्या बोटांनी आत्याला विचारलंच नाही. व्हायोलाचे सगळे सूर तिनं पियानोवर वाजवून टाकले, बिनचूक, आणि मिसबाईनं पुढचं उचललं. शेवटपर्यंत कुठं खंड पडला नाही.

आत्या मनातून फुलली होती. तेवढ्यात अम्माजान नन्हीबीकडं बोट करून म्हणाल्या, "इस बुढ्ढी का काम तो पियानोवाली कर ली. फिर बुढ्ढी कायकू?"

 आत्या बैठक वाचवायला गेली आणि म्हातारीची खोलीच उठवून बसली. खरं बोलावं तर नन्हीबी चुकली हे सांगावं लागणार. ती स्टुलावरून उठली.

"चूक माजी हाय, अम्माजान. तितं कुनीच वाजवायचं नव्हतं. ती जागा चुपच ऱ्हायची व्हती. मला कीर्तनातली खोड हाय, रिकामं दिसलं की भरते. नन्हीबी बरोबर गप बसल्या. मीच घुसले."

बेगमसाहेबांनी मिसबाईकडं पाहिलं. मिसबाई दर रविवारी बायबल वाचणारी, खोटं म्हणून कधी बोलत नसे. ती म्हणाली, "सहा महिने मी हिला हेच सांगते आहे." अक्षर न् अक्षर खरं होतं. हवेलीतल्या बायका माना डोलवू लागल्या. हो, हो, हिची खोडच आहे ती.

अम्माजाननी पान तोंडात घातलं. "तो फिर चुप रख के बजाओ."

पुन्हा तोच संथ भाग. आता गप्प राहिलं तर आत्याची थाप टिकणार, आणि नन्हीबी फक्त गप्प बसणारी म्हातारी ठरणार. चेलो आणि पियानोचं बोलणं संपत आलं. कीर्तन सुरू व्हायच्या आधी पेटीवाला बुवांना त्यांचा सूर हळूच देतो. आत्यानं डाव्या हाताच्या एका बोटानं व्हायोलाचा पहिला सूर दिला, शेजारच्या कानाला ऐकू जाईल इतकाच. मग तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

दालन शांत झालं. आत्याची बोटं लुगड्यात रुतली. आणि त्या शांततेत नन्हीबीचा गज चालू लागला. मोतीबिंदूचे डोळे मिटून म्हातारी वाजवत होती, साठ वर्षांची सारंगी त्या विलायती तारांतून येत होती. आत्यानं मांडीवरचा हात हलू दिला नाही. एवढं सुंदर वाजवणारीच्या जागेत आपण घुसलो होतो याची तिला तेव्हा खरोखर लाज वाटली.

वादन संपलं. मिसबाई चेलोमागं तोंड लपवून बसली, कारण जिथं कुणीच वाजवायचं नव्हतं तिथं म्हातारी चांगली दोन मिनिटं वाजवत होती आणि हे दालनातल्या प्रत्येकीनं ऐकलं होतं. अम्माजाननी आत्याला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "बेटी, वो चुप की जगा भोत मीठी बजी."

नन्हीबी त्या खोलीत आणखी नऊ वर्षं राहिली.