नवी तार आणि रबराची पाचर

माझे व्याही पियानो जुळवतात, हे सोयरीक ठरताना कळलं तेव्हा मला काही उमगलं नव्हतं. आमच्या गावच्या शाळेत वाद्य म्हणजे एक घंटा, तीही शिपायाच्या मर्जीनं वाजायची. पण माणूस पाहिला आणि मी खूश झालो! जेवायला बसला तरी अर्धा उठलेला. आमचा पंखा सुरू झाला की मान तिरपी करून म्हणणार, "व्याहीबुवा, ह्याचा सूर उतरलाय हो."

"वारा येतोय ना? मग बास!" मी म्हणायचो.

त्यांच्या पिशवीत लांब दांड्याची चावी, मूळ सूर देणारा नादकाटा आणि रबराच्या पाचरी. घरातला पियानो उभा, त्याच्या तारा ताणायच्या खुंट्या तोंडासमोर. सभागृहातला आडवा, त्याच्यावर ओणवं व्हावं लागतं. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. दोन तारा पाचरीनं गप्प करायच्या, एक जुळवायची, मग बाकीच्या तिच्याशी. जरा फरक राहिला की आवाज वाँव-वाँव असा हेलकावतो. चावी मनगटानं नाही, खांद्यानं फिरवायची. खुंटी किंचित पुढे नेऊन मागे बसवायची, नाहीतर तार घसरते. हे सगळं चहाचा कप हलवत त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की निम्मा चहा आमच्या सतरंजीनंच प्यायलाय.

शहरातल्या सभागृहाचा पियानो तीस वर्षं त्यांच्याच हातात होता. तिथं नवी मॅनेजरबाई आली. हुशार, चटपटीत. एका कार्यक्रमाच्या सकाळी तिनं स्पष्टच सांगितलं, "काका, आजच्या कार्यक्रमात एकही तक्रार आली, तर पुढच्या महिन्यापासून यंत्र लावून सूर जुळवणारा, यंत्रवाला माणूस."

आणि नेमकी त्याच सकाळी वरच्या पट्टीतली एक तार तुटली! व्याह्यांनी नवी बसवली. पण नवी तार ताणत राहते, सूर सोडते; दहा वेळा जुळवली तरी उतरते. म्हणून त्यांनी तिला पाचर लावून गप्प केलं. उरलेल्या दोन तारा सूर सांभाळणार होत्या. आवाज जरा बारीक, पण खरा.

दुपारी आम्ही दोघं शेवटच्या रांगेत बसलो. बाई लगबगीनं आली. "काका, पियानोत रबर विसरला होतात! बरं झालं, मी आवरताना बघितलं." आणि ती पाचर तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

व्याह्यांचं तोंड असं झालं, जणू जावयानं घटस्फोट मागितला. ते काही बोलणार तोवर दिवे मंद झाले आणि वादक येऊन बसला.

पुढचा पाऊण तास मी पियानो ऐकलाच नाही, व्याहीच बघितले. पाय हलतोय, पाचर या मुठीतून त्या मुठीत. "उतरली," ते पुटपुटले. थोड्या वेळानं, "आणखी उतरली."

"मला काही कळत नाही, म्हणजे कुणालाच कळत नाही," मी कुजबुजलो. "गप्प बसा. तुम्हीच ओरडलात तर तुमचीच तक्रार तुमच्यावर!"

"त्याला कळतंय हो. तो त्या सुरावर बोट टाकताना बिचकतोय."

मध्यांतर झालं. मी त्यांचा सदरा धरला. सदरा माझ्या हातात राहील असं वाटलं, इतक्या जोरात ते निसटले. मॅनेजरबाईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सूर उतरलाय. मला वर जाऊ द्या."

"सगळे बसलेत समोर! त्यांना काय वाटेल?"

"वाटू दे. मग पुढच्या महिन्यात हवं तर यंत्रवाल्याला बोलवा."

तेवढ्यात वादक पडद्याआडून आला. "तो वरचा सूर कुणी बघेल का? मी मघापासून त्याला चुकवतोय."

बाईनं वाट दिली. व्याही पियानोवर ओणवे झाले. टण्, टण्, टण्. लोक चहा सोडून बघत राहिले. शेवटी तार जुळवून त्यांनी पाचर पुन्हा तिथंच खोचली आणि तिच्याकडे बोट दाखवून बाईला म्हणाले, "ही विसरलेली नाही. ठेवलेली आहे."

कार्यक्रम टाळ्यांत संपला. बाई आली. "काका, पाचरीचं आधी सांगायचं ना मला! पुढच्या महिन्यात दहा तारखेला जमेल?"

मी खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. हे मात्र तसेच अर्धे उठलेले.

"दहाला येतोच," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी दार कधी उघडता? ती तार अजून उतरणार आहे."