वाजवून घेतलेल्या शिंपल्या

उलव्यात, आमची जुनी खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या आमच्या बिल्डिंगशेजारी पायासाठी खड्डा खणला, आणि त्यातल्या काळ्या चिखलाचा वास तिसऱ्या मजल्यावर आला, तशी मला आई दिसली, ओहोटीला गुडघाभर चिखलात ओणवी, हातात विळा. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी मातीचा भराव पडला होता, भरतीचं खारं पाणी आत येणं थांबलं होतं, साचलेल्या पाण्यावर तवंग धरला होता. तरी आई मला घेऊन शिंपल्या काढायला गेलीच. टोपली भराभर भरली, मी खूश झाले. आई मात्र काठावर बसून नेहमीसारखी एकेक शिंपली दुसरीवर वाजवू लागली. जिवंत असली की खणखणीत वाजते. मेलेलीत चिखल भरतो, ती बद्द वाजते, आणि तशी एकच गेली तरी सगळं कालवण वाया. त्या दिवशी जवळजवळ साऱ्याच बद्द वाजत होत्या. शेवटी आईच्या तळव्यावर नखाएवढी तीन-चार जिवंत पिल्लं उरली. आई पुन्हा चिखलात उतरली आणि दरवेळेसारखी ती पिल्लं खोल दाबून आली. "आये, आता हितं पानी येनार नाय," मी म्हटलं. "बारकी हायत गो, वाढू दे त्यांना," म्हणाली, आणि रिकामी टोपली घेऊन पुढे चालू लागली. आता आईही नाही. परवा त्या खड्ड्याच्या मातीत मला एक शिंपली सापडली, तोंड घट्ट मिटलेली. खिडकीत ठेवलीय. वाजवून बघायचा धीर होत नाही.