टाकापुढचं पान

आमचं संस्थान विलीन झालं त्या वर्षी माझी शाळा सुटली. वडील राजांच्या पागेत खोगिरांवर होते. घोडे लिलावात गेले, खोगिरं गेली, घरात खाणारी पाच तोंडं तेवढी राहिली. मी सातवीतून उठलो आणि दोन गाड्या बदलून बुऱ्हाणपूरला आलो. दूरच्या नात्यातल्या एका दादांनी मला कापडाच्या कारखान्यात चिकटवलं आणि बुधवारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. ते तहसील कचेरीत कारकून होते. भाड्याचं नाव काढलं की म्हणायचे, "पागल झाला का रे? खा आणि राह्य." त्या घराचं मीठ मी तीन वर्षं खाल्लं. आणखी काय खाल्लं ते सांगायला आज बसलोय.

घरात दादा, त्यांची आई आणि त्यांची दुसरेपणाची बायको. आईला सगळी गल्ली माई म्हणायची, मीही म्हणायचो. वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, जसोंडी गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पहिली बायको तापानं गेली होती. तिचा टाक वहिनींच्या गळ्यात असायचा, मंगळसूत्राशेजारी. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. दुसरेपणावर आलेलीनं पहिलीला असं अंगावर वागवायचं, तिला आधी जेवू घालायचं आणि मग आपण जेवायचं, ही तिथली रीत.

रोज दुपारी वहिनी टाक काढून देवघरात पाटावर ठेवायच्या. पुढं केळीचं पान, त्यावर वरण-भात, पोळी, तुपाची धार. मग पानाकडे पाठ करून बाहेर यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. गेलेलं माणूस जेवत असताना त्याच्याकडं बघू नये म्हणतात. अर्ध्या तासानं पान उचलून गाईला घालायचं.

मी त्या घरी आलो त्या पहिल्याच चातुर्मासात माईंनी माझ्या हातात पोथी दिली. माझं वाचन त्यांना आवडलं होतं. "हा वाचते तर शब्द कसा मोकळा मोकळा वाटते," असं त्या शेजारणींना सांगायच्या. दिवेलागणीला पंधरा-वीस बाया ऐकायला जमायच्या. कधी देवाला हात न जोडणारे दादाही हळूहळू उंबऱ्याशी येऊन बसू लागले. वाचणाऱ्यानं चातुर्मासभर एकदाच जेवायचं, तेही वाचन झाल्यावर. दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून येऊन मी आंघोळ करायचो, सोवळं नेसायचो आणि संध्याकाळचा अध्याय लावून ठेवायला देवघरात जायचो. टाकापुढं पान असताना आत जायची मुभा घरात मला एकट्याला होती. का, तर मी शुद्ध.

पहिल्यांदा खाल्लं त्या दुपारी माई भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. गल्लीतले मागही सुट्टीला थांबले होते. त्या शांततेत गरम भाताखाली केळीचं पान काळं पडत होतं. पहाटेपासून मी उपाशीपोटी तुटलेले धागे जोडत होतो. एक घास घेतला. मग पान रिकामं झालं तेव्हाच थांबलो. वर पाहिलं तर ते दोन ठिपके माझ्याकडं लागलेले.

माईंनी रिकामं पान पाहिलं आणि तिथंच बसल्या. "जेवली," म्हणाल्या. "माही पोर जेवली आज." त्या रडत होत्या, हसतही होत्या. संध्याकाळी पोथीला आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी ते सांगितलं आणि माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "याच्या वाचनानं आली ते." बायांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. एकीनं लेकराला पायाशी निजवलं. मी खाली पोथीत बघत राहिलो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण या घरानं काढलं तर जायचं कुठं? गावी घरची माणसं माझ्या मनीऑर्डरीकडं डोळे लावून बसलेली. मी ठरवलं, पुन्हा खायचं नाही. तरी पुढचे चार दिवस खाल्लंच. त्या पानावरचं खाल्लं की भूक भागायची नाही, उलट वाढायची. ती माझी भूक वाटायचीच नाही. माई आता झोपायच्या नाहीत. दाराबाहेर बसून आत बोलायच्या, "मीठ बरोबर आहे ना वं? आज तुले आवडते तशी पोळी केली." मी आत, तोंडात घास धरून, श्वास रोखून बसलेला.

सहाव्या दिवशी भ्यालो आणि पानाला हात लावला नाही.

भरलेलं पान बघून माईंचा चेहरा उतरला. त्यांनी वहिनींना विचारलं, "काय केलं तू? कायले रुसली ते?" आणि मग, "ते जेवेल तवाच तू जेवशील." वहिनींना पाचवा महिना होता. त्या दिवशी त्यांना दिवेलागणीनंतर, दादा ओरडले तेव्हा, ताट मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी पान रिकामं केलं. वहिनी वेळेवर जेवल्या. हे बरं झालं, असं मी स्वतःशी म्हणालो. आता मी चोरून खात नव्हतो, एका गरोदर बाईला जेवू घालत होतो. पाप करताना मन असं काही शोधून देतं की ते पुण्यच वाटू लागतं. दीड महिना मी त्यावर निवांत होतो. पोथीही चांगली वाचत होतो. बाया म्हणायच्या, आवाजाला धार चढली.

मग कारखान्यात माणसं कमी पडली आणि आमची दुपारची सुट्टी बंद झाली. तेव्हापासून मी दुपारी घरी येऊ शकत नव्हतो. रोज मागापुढं उभा राहून मनात यायचं, आता पान वाढलं असेल, आता माईंनी दार उघडलं असेल. पहिले दोन दिवस माई उदास होत्या, पण तिसऱ्या संध्याकाळपासून त्या खुशीत असायच्या. "जेवली ना," त्या सांगायच्या. "आता रोज जेवते."

मी तर तिथं नव्हतो. मग जेवत कोण होतं? वहिनींच्या गळ्यातल्या टाकाकडं मी बघेनासा झालो. वाचताना मान वर केली की बायांच्या मागं, अंधाऱ्या कोपऱ्यात, आणखी कुणीतरी बसलेलं वाटायचं.

एका संध्याकाळी बाया यायच्या आधी वहिनी देवघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पदराची गाठ पिळत होत्या.

"भाऊ, एक विचारू? तुम्ही पोथी वाचता, तुम्हाला ठाऊक असेल. मेलेल्या माणसाच्या वाट्याचं कोणी खाल्लं, तर त्याला काय प्रायश्चित्त आहे?"

"कोणी खाल्लं?"

"मीच." त्यांचा आवाज खाली गेला. "दोन दिवस पान तसंच राहिलं. पोटातलं लेकरू आतून ओढायला लागलं. तिसऱ्या दिवशी वाढता वाढताच घाईघाईत खाल्लं. तेव्हापासून रोज खाते. रोज वाटते, ती मागं उभी आहे."

मागं ती नव्हती, मी होतो. "वहिनी, आधी मी खाल्लं" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून पोथीवाल्याचा आवाज आला. "येत्या पौर्णिमेपर्यंत एक वेळच जेवा. रोज टाकाची क्षमा मागा. सगळं ठीक होईल."

त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

पौर्णिमेला तीन दिवस होते तेव्हा नळावरून पाणी आणताना त्या घागरीसकट पडल्या. दवाखान्यात मूल गेलं. मुलगा होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माईंना आपण होऊन सगळं सांगितलं, फक्त प्रायश्चित्त कुणी दिलं ते नाही.

वहिनी दवाखान्यातून घरी आल्या त्या संध्याकाळी पोथीला गर्दी होती. माई सगळ्यांसमोर दादांना म्हणाल्या, "हिनं तिच्या तोंडचं खाल्लं, तिनं हिच्या पोटचं नेलं. उद्याच्या मोटारीनं हिले जसोंडीले पोचवून दे. मले नको आता हे घरात." वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, गळ्यात टाक तसाच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या सगळ्यांत देवाच्या बाजूनं बोलणारा मीच, असं ते पाहणं होतं.

मी पोथी मिटली आणि सांगितलं. पहिल्या घासापासून प्रायश्चित्तापर्यंत सगळं सांगितलं.

माईंनी विचारलं, "म्हणजे ते आलीच नोहती?"

"नाही, माई."

"मी रोज बोलू राह्यली होती तिच्याशी." एवढं म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. जसोंडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कुणाशीच त्या फारशा बोलेनाशा झाल्या.

बाया एकेक करून उठल्या. लेकरू पायाशी निजवणारी जाताना माझ्यापासून पदर सावरून गेली. दादा म्हणाले, "मला वाटायचं, तुझ्या तोंडून ऐकलेलं खरं असते. त्याच्यावर मी बसत होतो इथं." मला त्यांनी घरातून काढलं नाही. काढलं असतं तर सोसलं असतं. ते उंबऱ्यावर पुन्हा कधी बसले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी मी पोथी उघडली तेव्हा समोर रिकामी सतरंजी होती. तो अध्याय तिथंच राहिला.

वहिनी त्या रात्री फक्त एवढं म्हणाल्या, "मी तुम्हालाच विचारलं होतं, भाऊ."

माझं व्रत तर मोडलंच होतं. चार दिवसांनी कारखान्याची सुट्टी पुन्हा सुरू झाली, आणि मी दुपारी घरी आलो तेव्हा वहिनींनी मला देवघरात पाट मांडला. समोर केळीचं पान ठेवलं, वरण-भात वाढला, पोळी वाढली, वरून तुपाची धार सोडली. मग त्यांनी माझ्याकडं पाठ केली, बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

मी पानाकडं बघत बसलो. बाहेर माग थांबलेले होते. अर्ध्या तासानं त्या आल्या. पान तसंच भरलेलं होतं. त्यांनी ते उचललं आणि गाईला घातलं.