फाटकावरची झाकणं

आमच्या सासऱ्यांनी उभ्या सुरतेच्या डब्यांची झाकणं काढून घेतली होती. हसू नका, खरंच सांगते. मांडवीच्या बाजूला एका शेठच्या मालकीचं सागाचं जंगल होतं. शनिवार-रविवारी पैसे भरून कुणालाही आत जाता यायचं. सहलीला आलेल्याला पांढरी चिठ्ठी, बंदूकवाल्याला लाल. सासरे, म्हणजे आबा, त्याच्या फाटकावर बसायचे. चिठ्ठी फाडली की हात पुढे. "डब्याचं झाकण द्या." फाटकाजवळच्या चौकीच्या पडवीत खिळ्यांवर ती झाकणं टांगायची आणि परत जाताना ज्याची त्यानं न्यायची. शेवटचं झाकण उतरल्याशिवाय फाटक बंद होत नसे.

शेठचं म्हणणं अगदी सरळ होतं. साग तयार व्हायला माणसाचा जन्म जातो, आणि तोवर "जंगल बेठुं बेठुं खाय छे." बसून खाणाऱ्यानं काहीतरी कमवायला नको का? मग कतारगामचे हिरे घासणारे, बँकेतले साहेब, बायकापोरांसकट कापडवाले असे सगळे येऊ लागले. ओढ्यापलीकडे सशा-तितरांमागे बंदुका, अलीकडे तळ्याकाठी उंधियूची पातेली.

मिलमध्ये छातीत कापूस गेल्यावर आबांनी ही नोकरी धरली. शुक्रवारी एसटीनं जायचे, सोमवारी सुरतेत लिंबायतला घरी परत यायचे आणि चपला न काढताच भिंतीला टेकायचे. "दमलो बाई," म्हणायचे, "माणसांची वाट बघून बघून दमलो." मला राग यायचा. दिवसभर खाटेवर बसायचं काम, त्यात दमायचं काय? इथे माझे यंत्रमागाच्या कांड्या भरून हात मोडून यायचे, ते कुणाला सांगू?

एका हिवाळ्यात आम्हीही सहलीला गेलो, रीतसर चिठ्ठ्या काढून. तर माझ्यापुढेही हात आला.

"आबा, मी सून आहे तुमची!"

"जंगलाला सून-बिन कळत नाही. झाकण दे."

दिलं, काय करते! तळ्यापर्यंत जाईस्तोवर वांग्याच्या भाजीचं तेल माझ्या नव्या लुगड्यावर. परतताना मी तणतणतच पडवीत शिरले आणि पहिल्या खिळ्यावर एक जुनं, काळवंडलेलं पितळी झाकण दिसलं. आमचं सोडलं तर बाकीचे खिळे एव्हाना रिकामे झाले होते. "हे कुणाचं राहिलं?" मी विचारलं. चिडले किंवा हळवे झाले की आबांच्या तोंडी अहिराणी यायची. खाली बघत म्हणाले, "एक जण मझार शे." एक जण आत आहे.

मग स्वतःच बोलले. नामदेव, त्यांचा धाकटा भाऊ, त्याच जंगलात लाकूडतोडीला होता. आबा फाटकावर लागले त्याच वर्षीची, माझ्या लग्नाआधीची गोष्ट. सकाळी आत जाताना त्यानं डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी काढून थोरल्या भावासाठी ठेवली आणि डबा घेऊन गेला. दुपारनंतर कुणीतरी पानांची सळसळ ऐकली आणि डुक्कर समजून बार काढला. कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. नामदेव पलीकडून घरी गेला असेल असं धरून आबांनी संध्याकाळी फाटक लावलं. नामदेव सापडला दुसऱ्या दिवशी. "वेळेवर शोधला असता तर जगला असता, असं डॉक्टर म्हणाला," आबा म्हणाले. "झाकण माझ्यासमोर होतं गं. झाकण इथं म्हणजे डबा आत, डबा आत म्हणजे माणूस आत. एवढं कळायला नको होतं का मला?"

त्यानंतर मी लुगड्याचं नाव काढलं नाही.

पुढे एका रविवारी अंधारून आलं तरी लाल चिठ्ठीवाल्यांचं एक झाकण खिळ्यावरच राहिलं. शेठ गाडीतून ओरडला, "फाटक लाव आणि चल!" आबा खाटेवरून उठले, कंदील घेतला, ते झाकण काठीनं बडवत आत शिरले. आवाज अशासाठी, की त्यांनाही कुणी डुक्कर समजू नये. दव पडेपर्यंत हिंडले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. पुढच्या रविवारी ती दोन पोरं हसत आली. "काका, अमे तो पाछळथी नीकळी गया." कुंपणाच्या भोकातून गेले होते मेले! मी असते तर तेच झाकण डोक्यात घातलं असतं. आबांनी ते पुसून त्यांच्या हातात दिलं. "बाहेर होतात ना? मग झालं." त्या हिंडण्यानं खोकला जो वाढला तो कायमचा.

नंतर शिकारबंदीचा कायदा आला. नुसत्या सहलींवर भागेना म्हणून शेठनं उभं जंगल ठेकेदाराला विकलं. करवती चालू झाल्या तरी आबा जात राहिले. मी वैतागून म्हटलं, "आता कुणाची राखण करताय?" ते शुक्रवारची एसटी धरायला निघाले.

तोड संपली त्या दिवशी खोकल्यामुळे त्यांना एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेले. फाटकातून थेट ओढ्यापलीकडची टेकडी दिसत होती. मध्ये नुसते बुंधे. आबा फाटकाला धरून कितीतरी वेळ उभे राहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत.

"आता सगळं दिसतंय," ते म्हणाले. "नाही गं कुणी आत."

पडवीत जाऊन त्यांनी पहिल्या खिळ्यावरचं झाकण उतरवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मग दोन्ही हातांनी फाटक ओढून कडी घातली. कुंपण केव्हाच उपटून नेलं होतं, दोन्ही बाजूंनी रान उघडं होतं. तरी कडी नीट बसली का, ते त्यांनी हलवून बघितलं.