चौथं घड्याळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, चळवळीतल्या कुणाला नाही. एकाला ती ठाऊक आहे, पण त्यालाही मी सांगितली नव्हती — तो तिथे उभाच होता.

तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांवरून. 'लग्नातला मानपान बंद करा' हे माझंच. माइकवरून पुकारलेले साहेब, त्यांच्या खांद्यावरच्या शाली, आणि चार दिवस राबणाऱ्यांच्या हातात शेवटी काहीच नाही — या सगळ्याला मी त्यात झोडपलंय. भाषा कडक आहे. दुसऱ्याबद्दल लिहायचं असलं की मला फार कडक लिहिता येतं.

पहिली आवृत्ती कॉलेजात असताना काढली. मजकूर माझा, छापखान्याच्या चकरा, गठ्ठे वाहणं, वाटणं मिलिंदचं. बिबवेवाडीत आम्ही एकाच गल्लीत वाढलो. पुढे मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये लागलो, कंपनीच्या बसने जायला लागलो. तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात राहिला. फरक पडत नाही, असं मी म्हणायचो. कोण विचारत होतं मला?

माझं लग्न ठरलं. आमच्याकडचं लग्न — पांढरे कपडे, बुद्धवंदना, अर्ध्या तासात सगळं. माझ्या बाजूने चार मित्र उभे राहणार होते. तिघे ऑफिसातले आणि मिलिंद. चौघांना आठवण म्हणून काहीतरी द्यायचं, आणि चौघांना अगदी एकसारखंच द्यायचं — लहान-मोठं नाही — हे मी ठरवलं होतं. त्याचा मला अभिमानही वाटत होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं त्यामुळे जास्त वाईट होतं.

घड्याळं घ्यायला लक्ष्मी रोडला मी मिलिंदलाच बरोबर नेलं. दुकानदार कंटाळला तरी याचं बघणं संपेना. शेवटी पांढऱ्या डायलचं, ठळक आकड्यांचं एक त्याने मनगटाला लावलं, हात लांब धरून पाहिला.

"हे घे. आईलापण लांबनं दिसंल," तो म्हणाला.

त्याची आई त्या तिघांपैकी कुणाकडे राहत नव्हती; म्हणजे एक आपलं, हे त्याने धरलंच होतं. चौथं कुणाचं, हे आम्ही बोललो नाही. बोलायचं काय होतं?

लग्नाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं सुरू झाली. मी तिघांना स्टेजवर बोलावलं. मिलिंद घड्याळांच्या डब्यांची पिशवी धरून माझ्या शेजारी उभा. एकेक डबा तो काढून देत होता, मी पुढे करत होतो. तीन झाले. तेवढ्यात हॉलच्या दारातून आमचा प्रोजेक्ट मॅनेजर आला. येईल असं वाटलं नव्हतं. त्या महिन्यात अमेरिकेला कुणाला पाठवायचं याची यादी तो करत होता. माझ्या मामाने माइक ओढला — 'नवरदेवाचे साहेब आलेले आहेत, त्यांचा सत्कार होईल.'

समोर ताटात सत्काराची फुलं होती. हे मी विसरलो नाही. ती मला दिसत होती.

मी पिशवीत हात घातला आणि चौथा डबा काढून साहेबाला दिला. मिलिंदने पिशवी थोडी उघडून धरली — मला सोपं जावं म्हणून.

फोटो निघाला. साहेबाच्या मनगटावर आधीच एक भारी घड्याळ होतं. तो गेल्यावर मी मिलिंदच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणालो, "तुला काय द्यायचं रे? आपल्यात कुठं मानपान असतो?"

हसला तो. "मला दिलं असतंस तर भांडलो असतो," म्हणाला. पिशवीची घडी घातली आणि पंगतीत वाढायला गेला.

इथवर नुसता भित्रेपणा होता — पण मी थांबलो कुठे? दुसरी आवृत्ती काढताना त्यात एक परिच्छेद घातला. एका कार्यकर्त्याने लग्नात आपल्या सर्वांत जवळच्या मित्राला मुद्दाम काहीही दिलं नाही. दोघांनी आधीच तसं ठरवलं होतं. खरं तर असं काही ठरलं नव्हतं. मी ते लिहिलं, कारण चांगलं दिसत होतं. आणि मजकूर नेहमीप्रमाणे छापखान्यात मिलिंदनेच नेला. वाटेत त्याने वाचला असणार — तो सगळं वाचतो. गठ्ठे आले, ते त्यानेच वाटले.

मग वारज्याची सभा. एका मुलीने उठून विचारलं, त्या परिच्छेदातले दोघं कोण, आणि खरंच आधी ठरलं होतं का? बरोबरच विचारलं तिने; मी तिच्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. मागच्या भिंतीपाशी मिलिंद पत्रकं घेऊन उभा होता.

"मीच तो मित्र," तो म्हणाला. "ठरलं होतं आमचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या. जो माणूस दुकानात गिऱ्हाइकाला जळालेली मोटार नवी म्हणून देत नाही, त्याला मी भर सभेत खोटं बोलायला लावलं. तोंड त्याचं होतं, खोटं माझं होतं. मी मान डोलावली.

अजून तो माझ्या फ्लॅटवर येतो, पत्रकांचे गठ्ठे न्यायला. मी आत बोलावतो. तो घाई आहे म्हणतो, दारातच उभा राहतो. पूर्वी माझ्या अक्षराला शिव्या घालायचा, आता मजकूर मुकाट्याने घेतो. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येतो, आणि मी दार लावत नाही, हाकही मारत नाही.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या आवृत्तीचं प्रूफ आलं. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. पेन हातात होतं. सही करून प्रूफ आहे तसं परत पाठवलं.