पालथी पाटी

मांडवीच्या मितेशला लग्नाची पत्रिका पाठवा, तुमचा अंगठा स्क्रीनवरून उठायच्या आत जबाब येतो. येणार असेल तर 'येतो', नसेल तर 'नाही जमणार'. फोन तो पहिल्या रिंगला उचलतो. एकदा दाढी करताना उचलला आणि अर्ध्या गालाला फेस लावून दहा मिनिटं विमावाल्याला 'नको' म्हणत राहिला. मित्र त्याला चेष्टेने 'चौकशी खिडकी' म्हणतात.

हा गुण जन्मजात नव्हे. कॉलेजात असताना मितेशच्या तोंडून होकार किंवा नकार काढणं म्हणजे खडकावरचं कालव फोडण्याइतकं कष्टाचं काम होतं.

दुसऱ्या वर्षाला नेटवर्किंग लागलं आणि गडी पोर्टपाशी अडकला. तोंडी परीक्षेत सानिका मॅडमनी विचारलं, "एका कॉम्प्युटरला पोर्ट किती?" हा बहाद्दर वाकून मागची भोकं मोजायला लागला.

"सहा, मॅडम."

"पासष्ट हजारांच्या वर असतात," मॅडम म्हणाल्या. "उरलेले घरी शोध."

घरी आई होती. गुणवंती मासळीबाजारात तीस वर्षं बसणारी, आणि तिच्यापुढे तोंड पाडून बसायची सोय नव्हती.

"मास्तरणीन काय विचारलान?" मासळीची वेताची पाटी धुताधुता ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं, आई. कॉम्प्युटरचा पत्ता एक, पण त्यावर जागा हजारो. त्या दिसत नाहीत, नुसते नंबर असतात. प्रत्येक कामाला वेगळा."

"मंग यात काय कठीण? बाजाराचा पत्ता एकच. पण सुकट घेणारा माझ्यापुढं येतो काय? तो सरळ यमुनाबाईच्या जागेवर जातो. सुरमई हवी तर माझ्याकडं. जागेला ना दार, ना फलक, तरी सगळ्यांना ठाऊक."

"आणि तू बसली नसलीस तर?"

"यमुनाबाई माझ्या जागेवर पाटी पालथी घालते. गिऱ्हाईक लांबूनच बघतं आणि दुसरीकडं जातं. पाटी नाय घातली, तर बिचारं ताटकळतं. आत्ता येईल, मंग येईल. असं टांगून ठेवू नये रे कुणाला."

मितेशने वही ओढली. दोन महिने पुस्तक जे सांगू शकलं नव्हतं, ते आईने एका पाटीत सांगितलं होतं.

त्याने मासळीबाजाराचंच प्रोजेक्ट केलं. जागांना पोर्टचे नंबर, बंद पोर्टवर पालथी पाटी, गप्प पोर्टपुढे ताटकळणारं गिऱ्हाईक. मॅडमनी ते प्रदर्शनात लावलं. आईवडिलांना आमंत्रण होतं. तक्त्यावर सगळं होतं, फक्त आईचं नाव नव्हतं.

"मी येऊ काय रे?" आदल्या संध्याकाळी गुणवंतीने विचारलं.

मितेशला वर्गातल्या मुलांच्या आया दिसल्या, आणि तीन वेळा साबण लावूनही न जाणारा आईच्या हाताचा वास आठवला. 'नको' म्हणायला जीभ रेटेना. 'ये' म्हणायला धीर होईना.

"बघू. उद्या फोन करतो," तो म्हणाला.

प्रदर्शनात त्याची नुसती धमाल. चार वाजेपर्यंत त्याने पन्नास जणांना बाजार समजावला. शेवटी कुणाचे तरी वडील म्हणाले, "बंद काय आणि गप्प काय, काम तर दोन्हीकडे होत नाही. मग फरक कसला?"

"बंद पोर्ट लगेच 'नाही' म्हणतं, काका," मितेश पाठ केल्यासारखा बोलला. "पाठवणारा मोकळा होतो. पण फायरवॉलने, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याने, निरोप गिळला, तर कुणी काहीच बोलत नाही. पाठवणारा बिचारा वाट बघत..."

त्याने दप्तरातून फोन काढला. आईचा एकही कॉल नव्हता. ती त्याच्या फोनची वाट बघत होती.

तो धावत घरी आला. वाटेत यमुनाबाईने हटकलं, "काय रे, आलेली ना आई? सकाळीच पाटी पालथी घालून घेतलीन माझ्याकडनं. लेकाच्या कॉलेजात जायचंय म्हणाली."

गुणवंती ओटीवर बसली होती. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोली, मांडीवर पिशवी. अबोली पार सुकली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"बरं झालं." ती उठली. "नको म्हणाला असतास तर धंद्यावर गेले असते रे. आज सुरमई बरी आलेली."

एवढंच. ना रडणं, ना रागावणं. ती ओरडली असती, तर मितेशला आयुष्यभर फोन असा पळत उचलावा लागला नसता.

दोन वर्षांनी पदवीदानाचं पत्र आलं. मितेशने ते आधी आईपुढे धरलं. "तू यायचंस. मी रिक्षा घेऊन येतो."

"नको रे," गुणवंती सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली. "त्या दिवशी बाजार असतो. तू आण तुझा कागद." मग मान वर करून हसली. "बघ, लगेच सांगितलं. टांगलं नाय तुला."

मितेशही हसला. पुन्हा विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नकार स्वच्छ होता. वाट बघण्यापुरतीही फट त्यात तिने ठेवली नव्हती.